फिरोजशहा मेहता : घरपट्टीच्या पैशाचा हिशोब मागणारे नगरसेवक



इयत्ता सहावीच्या नागरिकशास्त्रात शहरी स्थानिक शासन संस्थांचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. नगरपरिषद, महानगरपालिका, महापौर, आयुक्त, उत्पन्नाची साधने. मुलं पाठ करतात, पेपरात लिहितात, विसरतात. गेल्या वर्षी मी मुलांना सांगितलं, घरी जा आणि कपाटातून घरपट्टीचं बिल शोधून त्याची झेरॉक्स आणा. अर्ध्या वर्गाने आणली. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, सर, आम्ही भाड्याने राहतो, आमच्या नावाचं बिलच येत नाही, मग आम्ही कर भरत नाही का? मला त्या क्षणी नीट उत्तर देता आलं नाही. घरी येऊन वाचायला बसलो आणि एका माणसापाशी येऊन थांबलो. पाठ्यपुस्तकात त्याचं नाव मवाळ नेत्यांच्या यादीत दादाभाई आणि गोखल्यांच्या शेजारी एका ओळीत येतं आणि संपतं. सर फिरोजशहा मेहता. काँग्रेसचे अध्यक्ष, बॅरिस्टर, वगैरे. पण तुम्ही भरता त्या घरपट्टीशी या माणसाचा संबंध फार जवळचा आहे. तोच आज सांगतो.

फिरोजशहांचा जन्म ४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईत एका पारशी व्यापारी कुटुंबात झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकले, १८६४ मध्ये पदवी घेतली. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांना हा विद्यार्थी आवडला. त्याच सुमारास रुस्तमजी जमशेटजी जीजीभॉय यांनी पाच हिंदी तरुणांना विलायतेत बॅरिस्टर करण्यासाठी दीड लाख रुपये देऊ केले होते. ग्रँटसाहेबांनी मेहतांचं नाव सुचवलं आणि ते लंडनला गेले.

इथे मुंबईत तेव्हा काय चाललं होतं ते लक्षात घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. अमेरिकेत यादवी युद्ध सुरू होतं, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. शेअरचा सट्टा, नव्या कंपन्या, समुद्र बुजवण्याच्या योजना. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि सगळा फुगा फुटला. मोठमोठी घराणी बुडाली. जीजीभॉय यांनाही जबर फटका बसला आणि लंडनमधल्या या मुलाची शिष्यवृत्ती बंद पडली. तरीही त्यांनी अभ्यास पुरा केला, १८६८ मध्ये लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झाले आणि परत आले. लंडनमध्ये दादाभाई नौरोजींच्या सहवासात सार्वजनिक कामाचे धडे मिळाले होते, ते वेगळेच.

आता त्याच १८६५ सालात मुंबईच्या कारभारासाठी नवा कायदा आला होता. शहराचा सगळा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला गेला. त्याच्यावर देखरेख करायची ती जस्टिस ऑफ द पीस या मंडळींनी, आणि ही मंडळी कोण? सरकारने नेमलेले प्रतिष्ठित लोक. ना कोणी त्यांना निवडून दिलेलं, ना ते कोणाला जबाबदार.

पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. क्रॉफर्ड मार्केट ज्यांच्या नावाचं, तेच. (आणि पुढे १८८८ मध्ये मामलेदारांकडून पैसे घेतल्याच्या आरोपांवरून ज्यांची चौकशी गाजली आणि टिळकांनी ज्या प्रकरणात मामलेदारांची बाजू लावून धरली, तेही हेच.) माणूस कामाचा होता, हे मान्य करायलाच हवं. रस्ते, गटारं, मंडई, स्वच्छता, सगळीकडे त्यांनी झपाट्याने हात घातला. पण खर्च करताना मंजुरी किती, तिजोरीत किती, याची फारशी पर्वा केली नाही. कर वाढत गेले, कर्ज वाढत गेलं.

आणि कर कोणत्या काळात वाढले ते पहा. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८ लाख १६ हजारांवर होती. १८७२ च्या शिरगणतीत ती ६ लाख ४४ हजार भरली. म्हणजे पैसा ओसरला तशी माणसंही ओसरली होती. मागणी घटली की भाडी उतरतात. अशा वेळी घरमालकाच्या हातात वाढीव पट्टीचं बिल पडलं तर तो गप्प कसा बसेल? १८७१ मध्ये करदात्यांनी आवाज उठवला. सभा झाल्या, अर्ज गेले, वर्तमानपत्रं तापली. सगळ्यांचा रोख एकाच माणसावर, क्रॉफर्डवर. त्याला काढा आणि कारभार जस्टिस मंडळींतल्या एका समितीच्या हाती द्या, असा सूर होता.

मला या माणसाच्या आयुष्यातला हा प्रसंग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मेहता तेव्हा अवघे २६ वर्षांचे. वकिलीत अजून जम बसायचा होता. लोकांच्या बाजूने बोलून टाळ्या मिळवणं अगदी सोपं होतं. पण त्यांनी क्रॉफर्डच्या कामाची बाजू घेतली! नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी नगरपालिका सुधारणेवर निबंध वाचला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. दोष एका माणसाचा नाही, व्यवस्थेचा आहे. काम करायला एकच जबाबदार अधिकारी असावा, कारण समितीने रस्ते बांधले की कोणाचंच उत्तरदायित्व राहत नाही. पण त्या अधिकाऱ्याच्या हातात पैसा देणारी आणि त्याच्याकडून हिशोब घेणारी सभा मात्र करदात्यांनी निवडलेली हवी. सरकारने नेमलेले लोक सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याला जाब काय विचारणार?

श्रोत्यांना हे रुचलं नाही. संतापलेल्या लोकांपुढे ज्याच्यावर राग आहे त्याचीच बाजू घ्यायची, म्हणजे रोष ओढवणारच. पण नवा कायदा आला तेव्हा त्याचा सांगाडा पुष्कळसा याच धर्तीचा निघाला. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन झाली. त्यातले ३२, म्हणजे निम्मे, करदात्यांनी निवडायचे. १६ जस्टिस मंडळींनी, १६ सरकारने. मेहता अगदी सुरुवातीपासून या सभेत आले आणि १९१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत, चाळीसहून अधिक वर्षं, तिथेच राहिले.

इथे थोडं थांबून घरपट्टी म्हणजे काय ते पाहू, म्हणजे मेहता कशासाठी भांडत होते ते समजेल. मी हे वर्गात गणिताच्या तासालाच घेतो. समजा एका घराचं महिन्याचं भाडं १०० रुपये येऊ शकतं. वर्षाचे झाले १२००. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी दहा टक्के वजा, म्हणजे १२० गेले, राहिले १०८०. हे त्या घराचं करयोग्य मूल्य. सभेने ठरवलेल्या टक्केवारीने यावर कर आकारायचा. टक्केवारी दहा धरली (हे फक्त उदाहरण हं) तर कर १०८ रुपये. मुंबईत ही पद्धत २०१० पर्यंत चालली, नंतर भांडवली मूल्यावर म्हणजे मालमत्तेच्या बाजारभावाशी जोडलेल्या किमतीवर कर आला.

तर या टक्केवारीवर सगळं अडतं. ती कशी ठरते? आधी खर्च ठरतो. यंदा गटारांना किती, पाण्याला किती, दिवाबत्तीला किती, कर्जाच्या व्याजाला किती. मग कळतं की कर किती लावावा लागेल. म्हणजे घरपट्टीवर ज्याला ताबा हवा, त्याचा आधी अंदाजपत्रकावर ताबा हवा. मेहतांना हे पक्कं उमगलं होतं. सभागृहात आपला दबदबा त्यांनी वक्तृत्वावर उभा केला असं सगळे सांगतात, ते खरंही आहे. पण नियमांचा आणि आकड्यांचा अभ्यास नसता तर नुसत्या वक्तृत्वावर चाळीस वर्षं निघाली नसती, असं आपलं माझं मत.

१८८४ मध्ये ते कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. (तेव्हा महापौर हे पद नव्हतं.) पुढच्या वर्षी पुन्हा, आणि मग १९०५ मध्ये तिसऱ्यांदा. बोरीबंदरासमोरच्या पालिका मुख्यालयाची कोनशिला १८८४ च्या डिसेंबरमध्येच लॉर्ड रिपन यांच्या हस्ते बसली. ही इमारत १८९३ मध्ये पुरी झाली. तिचा अंदाज होता ११ लाख ८८ हजार ८२ रुपये, प्रत्यक्ष खर्च आला ११ लाख १९ हजार ९६९ रुपये. सरकारी बांधकाम अंदाजापेक्षा स्वस्तात! हे आकडे मी मुलांना फळ्यावर लिहून वजाबाकी करायला देतो.

आता १८८८ कडे येऊ. सरकारने पालिकेसाठी नव्या कायद्याचा मसुदा आणला. त्यात कमिशनरचे अधिकार वाढवून सभेचं वजन कमी करण्याचा कल होता. मेहता तेव्हा मुंबईच्या कायदेमंडळात होते आणि त्यांच्या जोडीला होते काशिनाथ त्र्यंबक तेलंग. दोघेही कायद्यात तरबेज. त्यांनी मसुद्यातलं एकेक कलम तपासून हा कल बदलवला. शेवटी जो कायदा झाला त्यात रचना अशी राहिली : कमिशनर अंदाजपत्रक तयार करून मांडतो, स्थायी समिती ते तपासते, कापते, वाढवते आणि शेवटचा निर्णय सभेचा. कॉर्पोरेशन ७२ जणांची झाली, त्यातले ३६ करदात्यांनी निवडलेले. कमिशनर मात्र सरकारच नेमणार. ती गाठ तेव्हा सुटली नाही आणि आजही सुटलेली नाही. आयुक्त राज्य सरकारच पाठवतं.

मित्रहो, मुंबई महापालिका आजही याच १८८८ च्या कायद्यावर चालते. दुरुस्त्या असंख्य झाल्या, पण सांगाडा तोच. तुम्ही पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात राहत असाल तर तुमचा कायदा १९४९ चा आहे, पण आयुक्त, स्थायी समिती आणि सभा ही मांडणी तिथेही सापडेल. पाठ्यपुस्तकातल्या त्या रुक्ष चौकटीमागे केवढी वादावादी झाली आहे ते मुलांना सांगायला हवं.

आता आपल्या शिक्षकांच्या जिव्हाळ्याचा भाग. मुंबईच्या पोलिसांचा खर्च कोणी द्यायचा, यावरून सरकार आणि कॉर्पोरेशन यांच्यात वर्षानुवर्षं भांडण होतं. सरकार म्हणे, पोलीस शहराचं रक्षण करतात, शहराने पैसे द्यावेत. मेहतांचा मुद्दा साधा होता. पोलिसांची नेमणूक सरकार करतं, हुकूम सरकार देतं, कॉर्पोरेशनला त्यात शब्दही नाही. ज्या खात्यावर आपली काडीची सत्ता नाही त्याचं बिल घरपट्टी भरणाऱ्याने का फेडायचं? शहराच्या पैशातून शहराची कामं व्हावीत, आणि ज्याचा खर्च आपण करतो त्यावर अधिकारही आपला असावा. हा वाद ते सभेत आणि कायदेमंडळात मांडत राहिले.

अखेर १९०७ मध्ये कायद्याने तोडगा निघाला. पोलिसांचा खर्च सरकारने उचलला. त्याच्या बदल्यात प्राथमिक शिक्षण, देवी टोचणे आणि रुग्णसेवा यांचा भार कॉर्पोरेशनने घेतला. मुंबईतल्या महापालिका शाळांमध्ये शिकवणाऱ्या माझ्या मित्रांनो, तुमचा पगार ज्या तिजोरीतून निघतो तिचा इतिहास इथे आहे. शाळा त्याआधीही होत्या, पण शहराची शाळा ही पूर्णपणे शहराची जबाबदारी, हे या देवघेवीतून ठरलं. आणि रुग्णसेवेचं म्हणाल तर १९२६ मध्ये सुरू झालेल्या केईएम रुग्णालयाच्या कल्पनेमागेही मेहतांचा मोठा हात होता. ते उभं राहिलेलं पाहायला मात्र ते नव्हते.

त्याच १९०७ मध्ये त्यांच्यावर एक कठीण प्रसंग आला. काही बड्या युरोपियन अधिकाऱ्यांनी गट बांधून, यादी ठरवून मतं टाकली. जस्टिस मंडळींच्या मतदारसंघात १६ जागा होत्या. पस्तीस वर्षं सभेत असलेले मेहता १७ वे आले! शहरभर खळबळ उडाली, निषेधाच्या सभा झाल्या. पुढे निवडून आलेल्यांपैकी एकाची निवड कोर्टात रद्द ठरली आणि ती जागा मेहतांना मिळाली.

हे कारस्थान वाईटच होतं. पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. मेहतांचा सभेतला दरारा इतका वाढला होता की त्यांच्यापुढे वेगळं मत मांडणं इतरांना जड जाई. मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणून त्यांचा उल्लेख होत असे. सभेच्या हक्कांसाठी लढणाऱ्याने सभेतच राजा व्हावं, ही विसंगती त्यांच्या चाहत्यांना दिसली नाही. विरोधकांना दिसली, पण ते फायदा उठवायला बसले होते.

आणि आता माझ्या त्या मागच्या बाकावरच्या मुलाचा प्रश्न. मेहतांच्या काळात मत कोणाला होतं? जो थेट कर भरतो त्याला, आणि तोही ठरावीक रकमेच्या वर भरत असेल तर. म्हणजे घरमालक, व्यापारी, सुशिक्षित वर्ग. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत राहणारा, कोकणातून, घाटावरून आलेला कामगार या हिशोबात नव्हताच. पण जरा विचार करा. चाळमालक घरपट्टी भरतो ती कशातून? भाड्यातून. कर वाढला की आज ना उद्या भाड्यात येतो. म्हणजे कामगार कर भरत होता, फक्त पावती त्याच्या नावाची नव्हती. पैसा देणाऱ्याला हिशोब मागण्याचा हक्क आहे, हे मेहतांचं तत्त्व त्या कामगाराला लावलं असतं तर पालिकेची सभा किती वेगळी दिसली असती! ते त्यांनी लावलं नाही. त्यांच्या पिढीतल्या बहुतेकांना ते सुचलं नाही, हे खरं, पण म्हणून मी ते झाकून ठेवणार नाही. महिना दहा रुपये वा अधिक भाडं भरणाऱ्या भाडेकरूंना पालिकेचं मत मिळालं ते १९२२ मध्ये, आणि सर्व प्रौढांना १९४८ मध्ये.

बाकीचं आयुष्य भराभर सांगतो, कारण ते इतर पुस्तकांत सापडेल. १८९० मध्ये कलकत्त्याच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. १९०१ मध्ये शेतजमिनीच्या महसुलाविषयीचं विधेयक सरकारने रेटलं तेव्हा गोखले आणि इतर सभासदांबरोबर कायदेमंडळातून उठून बाहेर पडले. १९०४ मध्ये सर ही पदवी. १९११ मध्ये स्थापन झालेल्या सेंट्रल बँकेचे पहिले अध्यक्ष. १९१३ मध्ये बॉम्बे क्रॉनिकल हे दैनिक काढलं. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी मुंबईत निधन. १९२३ मध्ये पालिका मुख्यालयासमोर त्यांचा पुतळा बसला. सीएसएमटी स्टेशनातून बाहेर पडताना आपण रोज तो पाहतो आणि सिग्नल सुटायची वाट बघतो.

हा पाठ घेताना मी काय करतो ते सांगून थांबतो. मुंबईतलं मालमत्ता कराचं बिल असेल तर त्यात सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर, पथ कर, वृक्ष उपकर अशी नावं असतात, आणि त्यातच महापालिका शिक्षण उपकर असतो. मुलांना त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारायला सांगा. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मुंबईत २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, तेव्हा काही मुलं जुनं बिल आणतील, चालेल. नंतर मुख्य आकडा सांगा : मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचं होतं. ते मांडलं गेलं तेव्हा सभागृहात एकही नगरसेवक नव्हता. मार्च २०२२ मध्ये मुदत संपली होती, निवडणुका लांबल्या होत्या, आणि आयुक्तच प्रशासक म्हणून अंदाजपत्रक मांडत होते आणि मंजूरही करत होते. हे सांगून झाल्यावर मी मुलांना १८६५ चा कायदा पुन्हा एकदा वाचून दाखवतो.

ज्यांच्या घरी बिल येत नाही त्या मुलांना मी भाड्याची पावती आणायला सांगतो. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी ती आणली. आम्ही दोघांनी मिळून बारा महिन्यांचं भाडं काढलं, दहा टक्के वजा केले आणि खाली आलेल्या आकड्याला त्याने स्वतःच चौकट केली.